गरुड सापडत नाही

ऑफिसात एखाद्याला लोक 'डॉक्टर' म्हणायला लागले की त्याने वेळीच घाबरावं. आपल्या गोष्टीतल्या डॉक्टरांनी आयुष्यात कुणाची नाडी पाहिली नव्हती. ते लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रार विभागाचे हेडक्लार्क होते, आणि त्यांची सगळी वैद्यकी एकाच शस्त्रक्रियेवर उभी होती. काही वर्षांपूर्वी ऑफिसचा प्रिंटर कागद गिळून बसला होता. तेव्हा ह्यांनी ऑपरेटर बाईंच्या केसांतली पिन मागून घेतली, प्रिंटरच्या घशात घातली आणि चोळामोळा झालेला कागद अलगद बाहेर ओढला. प्रिंटर चालू झाला, आणि डॉक्टरांचं आयुष्य बंद पडलं.

तेव्हापासून कुणाचा स्क्रीन काळा पडो, कुणाचा माऊस रुसो, माणसं डॉक्टरांकडे यायची. सुरुवातीला ते मनापासून सांगायचे की बाबांनो, मला यातलं काही कळत नाही. लोकांना तो विनय वाटायचा. मग त्यांनी सांगणं सोडलं. पुढे पुढे तर हनुवटीला हात लावून "बघू" म्हणायची त्यांना सवयच लागली. खरं म्हणजे 'नाही' म्हणायचं धैर्य पहिल्या दिवशीच दाखवावं लागतं. नंतर दाखवलं तर लोक त्याला माज म्हणतात.

ऑफिसला खरा नेटवर्कवाला होता. पण ज्या दिवसाची ही गोष्ट आहे, त्याच्या आदल्याच दिवशी त्याची अक्कलदाढ काढली होती आणि तो तोंडात कापसाचा बोळा धरून घरी पडला होता. आणि नेमक्या त्याच दिवशी मुख्य ऑफिसातून पाहुणे येणार होते. साहेबांनी नवी योजना काढली होती: तक्रार आली रे आली की सगळ्यांत जवळचा मेकॅनिक निघालाच पाहिजे. कुणाची लिफ्ट कुठे, कुठला मेकॅनिक कुठे, त्याचा फोन नंबर काय, हे सगळं संगणकच बघणार. पाहुण्यांना तेच दाखवायचं होतं. साहेबांनी सकाळी डॉक्टरांना बोलावून सांगितलं की नेटवर्कवाला नाही, पण तुम्ही आहातच. डॉक्टर 'बघू' म्हणाले. साहेबांनी 'बघू' हा शब्द आज नको असं बजावलं.

पाहुणे केबिनमध्ये जाऊन बसले, चहा आत गेला, काचेचं दार बंद झालं, आणि इकडे अकाउंटंटच्या स्क्रीनवर अक्षरं उमटली: 'गरुड सापडत नाही.'

आता गरुड म्हणजे कोण, ते सांगायला हवं. गरुड हा ऑफिसचा मोठा संगणक, सर्व्हर. मागच्या खोलीत थंड हवेत एकटा राहायचा आणि सगळी माहिती त्याच्या पोटात असायची. पूर्वीच्या एका नेटवर्कवाल्याला पक्षी बघायचा नाद होता, म्हणून त्याने ऑफिसातल्या प्रत्येक संगणकाला पक्ष्याचं नाव देऊन ठेवलं होतं. ऑपरेटर बाईंकडे मैना होती, डॉक्टरांच्या वाट्याला बगळा आला होता आणि अकाउंटंटच्या वाट्याला घुबड. त्याबद्दल त्यांनी त्या वेळी निषेधही नोंदवला होता, पण तो ऐकून लोक इतके हसले की त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

तर घुबडाला गरुड सापडेना. थोड्या वेळात स्टोअरच्या कावळ्यालाही सापडेना. मग एकेक टेबलावरून हाका यायला लागल्या. दिवे एकेक करून विझत यावेत तसं ते चाललं होतं, आणि डॉक्टर ह्या टेबलावरून त्या टेबलाकडे हनुवटीला हात लावून फिरत होते. सल्ल्यांना तोटा नव्हता. अकाउंटंट म्हणाले की केबल काढून तिच्यात फुंकर मारा, त्यांच्या मेव्हण्याकडे त्यानेच चालू झालं होतं. स्टोअरकीपरचं मत पडलं की नव्या रंगाच्या वासाने मशीन गुदमरली असणार, कारण पाहुण्यांसाठी आठवड्याभरापूर्वीच भिंतींना रंग दिला होता. डॉक्टरांनी फुंकर मारली. खिडकीही उघडली. गरुड सापडला नाही.

एकच संगणक अजून धडधाकट होता, ऑपरेटर बाईंची मैना. सगळ्या तक्रारी तिथेच येत, त्यामुळे ती चालू होती तोवर तसं फारसं काही बिघडलं नव्हतं. शहाण्या माणसाने तिच्याकडे पाठ फिरवून देवाचं नाव घेतलं असतं. पण डॉक्टरांना वाटलं, रोगाची साथ आहे, हिलाही लागायच्या आत खबरदारी घ्यावी. बाई नको नको म्हणत होत्या. डॉक्टरांनी मैना बंद केली आणि पुन्हा चालू केली.

मैना उठली, तिने इकडेतिकडे पाहिलं आणि तीही म्हणाली, 'गरुड सापडत नाही.'

चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसाला टेबलावर आडवं घेऊन त्याचा निकाल लावावा, तसं ते झालं. बाईंनी फक्त चष्मा काढून पुसला, आणि डॉक्टरांना तेवढंच पुरे झालं.

फोन मात्र वाजत होते. बाई तक्रारी हाताने उतरवून घेत होत्या, पण त्या सांगायच्या कुणाला? मेकॅनिक सकाळीच बाहेर पडलेले. त्यांना कंपनीने नुकतेच नवे नंबर दिलेले, आणि ते सगळे गरुडाच्या पोटात. पूर्वी मेकॅनिकांचे नंबर बाईंच्या समोरच्या भिंतीवर ठळक लिहिलेले असत. ती भिंत आता सुंदर मोतिया रंगाची झाली होती.

अशात बाईंच्या फोनवर एक तक्रार आली. बाईंनी इमारतीचं नाव विचारलं, ऐकलं आणि रिसीव्हरवर हात ठेवून डॉक्टरांकडे बघितलं.

"डॉक्टर, तुमच्याच इमारतीतून आहे. दोन माणसं अडकलीत. एक प्राध्यापक म्हणून आहेत, आणि…" बाई जरा अडखळल्या. "आणि त्यांच्यासोबत तुमच्या सासूबाई आहेत."

ती लिफ्ट इमारतीत बसवायचा आग्रह डॉक्टरांनीच धरला होता. सोसायटीच्या बैठकीत उभं राहून त्यांनी भाषण केलं होतं की आमच्या कंपनीची लिफ्ट म्हणजे डोळे मिटून बसा. आता तिच्यात त्यांच्या सासूबाई दोन मजल्यांच्या मध्ये लटकत होत्या. त्यांच्यासोबत वरच्या मजल्यावरचे भूमितीचे निवृत्त प्राध्यापक होते, आणि फोन त्यांचा होता. डॉक्टरांनी रिसीव्हर घेतला. प्राध्यापकांनी सगळी परिस्थिती एखाद्या प्रमेयासारखी मांडली: लिफ्ट थांबली आहे, दिवा चालू आहे, पंखा बंद आहे, पहारेकऱ्याकडे किल्ली नाही. त्यावरून काय सिद्ध होतं, ते त्यांनी डॉक्टरांवर सोडलं. मग फोनवर सासूबाई आल्या.

सासूबाई महिनाभरासाठी म्हणून लेकीकडे आल्या होत्या. जावयाशी त्यांचं बोलणं नेहमी मोजकं, आणि अतिशय आदराचं. त्या आदरानेच डॉक्टर अर्धे व्हायचे.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुम्ही कामात असाल. पण सवड झाली की बघा."

डॉक्टरांनी लगेच मेकॅनिक पाठवतो म्हणून शब्द दिला. शब्द द्यायला काही नेटवर्क लागत नाही. त्यांनी रिसीव्हर ठेवला न ठेवला तोच त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. बायकोचा होता. ती जिन्यात उभी होती आणि तिचा आवाज तिच्याच ताब्यात नव्हता.

"अहो, आईचा दम्याचा पंप वर टेबलावर राहिलाय. ती खाली भाजी आणायला म्हणून गेली होती, पाच मिनिटांचं काम म्हणून घेतलाच नाही. आत पंखा बंद आहे. तुम्ही काय करताय?"

डॉक्टर काय करत होते, हे त्यांना बायकोला सांगता आलं नाही. अग्निशमन दलाला तिने आधीच कळवलं होतं. गाव ओलांडून पलीकडे एका गोदामाला आग लागली होती. तिथून मोकळे झालो की येतो, असं त्यांनी सांगितलं होतं. आगीचा हक्क पहिला, ह्यावर कुणी काय बोलणार? डॉक्टरांनी शेवटी जे सकाळीच करायला हवं होतं ते केलं. नेटवर्कवाल्याच्या घरी फोन लावला.

फोन त्याच्या बायकोने घेतला. त्यांना बोलायची बंदी आहे आणि मोबाइलकडे बघायचीही, असं तिने निक्षून सांगितलं. डॉक्टरांनी लिफ्ट, सासू, दमा, सगळं एका श्वासात सांगितलं. ती विरघळली. ठरलं असं की डॉक्टरांनी विचारायचं, नवऱ्याने कापसाआडून हुंकार द्यायचा, आणि तिने त्याचा अर्थ लावून सांगायचा. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे नवऱ्याच्या हुंकारांची तिला चांगली जाण होती.

पहिला हुंकार आला. तो म्हणत होता की गरुडाला नावाने बोलावू नका, त्याच्या आकड्याने बोलावून बघा. आकडा सर्व्हरच्या खोलीच्या दारावर चिकटवलेला आहे. डॉक्टर धावत गेले, आकडा पाठ करत परत आले आणि बाईंच्या मशीनवर सांगितल्याप्रमाणे टाइप केला. गरुडाने तात्काळ ओ दिली. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. आकड्याने बोलावलं तर समोर उभा, नावाने बोलावलं तर सापडत नाही.

पलीकडे लांबलचक हुंकार झाला. बायको त्याचा अर्थ सांगायला लागली. संगणकाला नावं कळत नाहीत म्हणे, त्याला आकडेच कळतात. म्हणून ऑफिसात एक ठरलेला डबा असतो. बाकीचे त्याला विचारतात, गरुड कुठे राहतो? तो आकडा सांगतो. आता गरुड ठणठणीत आहे, म्हणजे घोळ पत्ता सांगणाऱ्याकडे आहे. तुमची मैना पत्ता कुणाला विचारतेय ते बघा.

बघितलं. एक आकडा दिसला. डॉक्टरांनी तो वाचून दाखवला आणि पलीकडे एकदम खूप हुंकार झाले, खुर्ची सरकली, काहीतरी पडलं.

"ते म्हणतायत, हा आपला नाहीच," बायको म्हणाली. "कुणीतरी घरचा वायफायचा डबा आणून ऑफिसच्या तारेला लावलाय. जो संगणक डुलकी काढून उठतो किंवा नव्याने चालू होतो, त्याला हा डबा आधी गाठतो आणि सांगतो, पत्ते मला विचार. आणि त्याला तुमच्या ऑफिसातलं काही ठाऊकच नाही."

अशी माणसं प्रत्येक नाक्यावर भेटतात. रस्ता विचारला की ठाऊक नसताना ठामपणे डावीकडे बोट दाखवतात. पण माणूस निदान ओळखता येतो. डबा कुठे शोधायचा? नेटवर्कवाला म्हणाला, म्हणजे त्याची बायको म्हणाली, की शोधायला वेळ लागेल. तोवर गरुडाचा पत्ता मैनेच्याच कानात हाताने लिहून ठेवा, म्हणजे तिला कुणाला विचारावं लागणार नाही. त्यासाठी पासवर्ड लागतो, तेवढा ते सांगतील.

इथे पलीकडचा हुंकार बारीक झाला. बायकोने पुन्हा विचारलं. पुन्हा बारीक. डॉक्टरांनी हात जोडून, म्हणजे फोनवर जसे जोडता येतात तसे जोडून, सांगितलं की ताई, आतला जीव गुदमरतोय. मग ती एकेक अक्षर उच्चारायला लागली.

"सा… स… सासर? सासर. पुढे? क… कट… कटकट?" ती थांबली. "सासरकटकट?"

मग तिने फोनमध्ये नाही, खोलीतच विचारलं, "हा पासवर्ड कधीपासून आहे?" उत्तरादाखल एकही हुंकार आला नाही. पुन्हा फोनमध्ये येऊन ती अगदी शांत आवाजात म्हणाली, "भाऊ, तुमचं तुम्ही बघा. मला जरा ह्यांच्याशी बोलायचंय."

फोन बंद झाला. त्यानंतर तो उचललाच गेला नाही.

डॉक्टरांनी 'सासरकटकट' इंग्रजी अक्षरांत लिहून पाहिलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं, लहान अक्षरांत लिहिलं, मध्ये जागा सोडून लिहिलं. पुढे काही आकडा असेल तर तो आता नवराबायकोच्या भांडणात गाडला गेला होता. संगणकाने थोडा वेळ सहन केलं आणि मग जाहीर केलं की खूप वेळा चुकलात, खातं बंद. अकाउंटंट मागे उभे राहून बघत होते. त्यांनी उगाचच विचारलं की हा शब्द नेमका कुणाचा, आणि डॉक्टरांना खुलासा करावासा वाटला की माझा नव्हे. तेवढ्यात मोबाइल वाजला आणि खुलासा राहून गेला.

प्राध्यापक होते. ह्या वेळी त्यांनी प्रमेय मांडलं नाही. तुमच्या सासूबाई खाली बसल्या आहेत, एवढंच म्हणाले, आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. आधी नुसता श्वासच ऐकू आला. बारीक शिट्टीसारखा, आत जाताना अडणारा.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. प्रत्येक शब्दाला त्या थांबत होत्या. "पोरीला सांगू नका… मला धाप लागलीय ते. ती जिन्यात… उभी आहे. घाबरेल."

"नाही सांगत," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही बोलू नका. मी फोन ठेवत नाही."

फोन कानाला तसाच धरून त्यांनी सगळ्या ऑफिसला सांगितलं की डबा शोधा. आवाज त्यांचा असा होता की कुणी कारण विचारलं नाही. माणसं टेबलांखाली शिरली. कप्पे उघडले गेले, कपाटांमागे हात घातले गेले. त्या झडतीत जे सापडलं त्यातलं काहीच सापडायला नको होतं. स्टोअरकीपरच्या पायाशी पाय शेकायचा हीटर निघाला. अकाउंटंटच्या टेबलाखाली पाठ दाबायचं एक यंत्र होतं. ते त्यांनी स्वतःच्या शरीराने झाकायचा प्रयत्न केला. एकाच्या खणात पाणी उकळायची विजेची किटली होती, आणि तिच्या मालकाने ती आपण आज पहिल्यांदाच बघत असल्याचं सांगितलं. पण पत्ते सांगणारा डबा कुठेच नव्हता.

कानात शिट्टी वाजत होती. आत, बाहेर. आत, बाहेर. मध्येच एखादा श्वास उशिरा येई आणि तेवढा वेळ डॉक्टरांचाही अडून राही.

वायफायचा डबा, असं नेटवर्कवाल्याची बायको म्हणाली होती. वायफाय म्हणजे त्याची हाक हवेत असणार. डॉक्टरांनी ऑपरेटर बाईंचा मोबाइल मागितला आणि आसपास कुठलं वायफाय आहे ते बघितलं. ऑफिसचं ओळखीचं नाव होतं, शेजारच्या दुकानाचं होतं, आणि त्याखाली एक अनोळखी नाव होतं: 'खास'. त्याच्यापुढे सिग्नलची एकच रेघ होती. डॉक्टर अकाउंटंटच्या टेबलाकडे सरकले, रेघ एकच राहिली. स्टोअरच्या बाजूला गेले, तीही गेली. मागे फिरले. एका कानाला स्वतःचा फोन, समोर हातावर बाईंचा फोन, अशा थाटात ते पाणी शोधणाऱ्या माणसासारखे ऑफिसभर हिंडले आणि त्यांच्या मागे अर्धं ऑफिस पाय न वाजवता हिंडलं. रेघा वाढायला लागल्या. पाण्याच्या पिंपापाशी दोन झाल्या, झेरॉक्सपाशी तीन. सगळ्या रेघा भरल्या तेव्हा डॉक्टरांनी मान वर केली. समोर साहेबांच्या केबिनचं काचेचं दार होतं.

मागे आलेलं अर्धं ऑफिस एव्हाना आपापल्या जागेवर जाऊन काम करत होतं.

आत मोठ्या पडद्यावर साहेब योजना दाखवत होते. मुख्य ऑफिसच्या एक बाई आणि एक गृहस्थ समोर बसले होते. पडद्यावर एक आनंदी मेकॅनिक हसत हसत एका आनंदी कुटुंबाला लिफ्टमधून बाहेर काढत होता. डॉक्टरांनी दारावर टकटक केली. साहेबांनी तिकडे न बघताच बोटाने 'नंतर' सांगितलं. डॉक्टरांनी पुन्हा टकटक केली. ह्या वेळी साहेबांनी बघितलं, आणि त्या बघण्यात पगारवाढ, बदली आणि निवृत्ती असं सगळं होतं.

नोकरीत डॉक्टरांनी त्या दारातून न बोलावता कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनीही कधी कुठल्या साहेबाच्या दारातून तसं टाकलं नव्हतं. हे आता बसून बोलायचे विषय झाले, पण त्या क्षणी पायांना ते आठवत असतं. ते तिथेच उभे राहिले. काचेतून आतला हसरा मेकॅनिक दिसत होता.

"ऐकताय ना?" कानात प्राध्यापकांचा आवाज आला. तो कापत होता. "त्या आता बोलत नाहीत. विचारलं तर मान हलवतात फक्त."

डॉक्टरांनी दार ढकललं.

आत जाऊन त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही. ते थेट गुडघ्यांवर बसले आणि साहेबांच्या टेबलाखाली शिरले. तिथे पाहुण्यांचे दोन जोड बूट होते, साहेबांचे मोजे होते, कारण साहेब बूट काढून बसले होते, आणि अगदी कोपऱ्यात भिंतीतल्या ऑफिसच्या तारेला जोडलेला, दोन कान वर केलेला एक पांढरा डबा होता. त्याचे हिरवे दिवे मजेत लुकलुकत होते. केबिनमध्ये मोबाइलला नीट नेट मिळत नाही, म्हणून साहेबांनी आदल्या संध्याकाळी घरचा जुना राउटर आणून आपल्या हाताने लावला होता.

"डॉक्टर," साहेब वरून हलक्या आवाजात म्हणाले, "काय करताय तुम्ही?"

सांगण्यासारखं बरंच होतं. पत्ते होते, आकडे होते, हा डबा स्वतःकडे नसलेली माहिती सगळ्यांना वाटत होता ते होतं. टेबलाखालून डॉक्टर एवढंच म्हणाले:

"साहेब, माझी सासू लिफ्टमध्ये आहे."

आणि त्यांनी प्लग खेचला.

हिरवे दिवे गेले. वर पडद्यावरचा मेकॅनिक हसता हसता थिजला. डॉक्टर टेबलाखालून निघताना डोकं आपटून घेत बाहेर आले आणि पळत सुटले. काचेतून हे बघणाऱ्या बाईंनी तोवर मैना बंद करून चालू केली होती. सगळे भोवती गोळा झाले. मैनेच्या स्क्रीनवर ते छोटं चक्र फिरत राहिलं. एवढं सावकाश फिरणारं काही डॉक्टरांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. कानात आता शिट्टीही नीट ऐकू येत नव्हती.

मग नुसतं 'गरुड' असं आलं, आणि खाली मेकॅनिकांची नावं धडाधड उघडली. बाईंनी इमारत दाबली, आणि सगळ्यांत जवळचा मेकॅनिक समोर आला. तो डॉक्टरांच्या शेजारच्या इमारतीत होता. सकाळपासून तिथे लिफ्टला तेलपाणी करत होता. मध्ये फक्त एक कुंपण होतं.

बाईंनी त्याला काय सांगितलं ते डॉक्टरांनी ऐकलं नाही. ते दुसऱ्या कानाने ऐकत होते. बराच वेळ काहीच नाही. मग लांबून धावणारी पावलं, किल्ल्यांचा आवाज, कुणीतरी वरून ओरडून काहीतरी विचारलं आणि प्राध्यापकांनी 'हो, हो' म्हटलं. एक हादरा. लोखंड लोखंडावर सरकलं. आणि मग बायकोचा आवाज, अगदी जवळ: "आई, ओढ. अजून एकदा. ओढ." पंपाचा फुस्स असा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला.

मग खोकला. लांब, ओला, जिवंत खोकला. आणि त्यामागून सासूबाईंचा खरखरीत आवाज: "माझी पिशवी आत राहिली."

डॉक्टर ऑपरेटर बाईंच्या खुर्चीत बसले. बाई उभ्याच राहिल्या.

पाहुणे केबिनमधून बाहेर आले होते. मुख्य ऑफिसच्या बाईंनी ऑपरेटर बाईंना विचारलं की मेकॅनिक पोचायला एकूण किती वेळ लागला. ऑपरेटर बाई म्हणाल्या की मेकॅनिकला काहीच नाही लागला, आम्हाला लागला. मग पाहुण्याबाईंनी तो डबा कुणाचा, असं विचारलं. अकाउंटंट छताकडे बघायला लागले. स्टोअरकीपरला एकदम स्टोअरची आठवण झाली. साहेब घसा साफ करून म्हणाले की प्रकरण गंभीर आहे, ह्याची चौकशी झालीच पाहिजे, आणि ह्यातली जाण असलेला माणूस आपल्याकडे एकच आहे. अशा रीतीने चौकशी अधिकारी म्हणून डॉक्टरांची नेमणूक झाली. त्यांनी यथावकाश चौकशी केली आणि निष्कर्ष दिला की सदर उपकरण टेबलाखाली आपोआप उगवलं असावं. साहेबांनी तो निष्कर्ष तातडीने मान्य केला. साहेब मोज्यांवरच बाहेर आले होते, हे मात्र त्या दिवशी पाहुण्यांसकट सगळ्यांनी पाहिलं.

डॉक्टर लवकर घरी निघाले. नेटवर्कवाल्याची चौकशी करावी असं एकदा मनात आलं, पण ते घर आज आपापलं सावरू दे म्हणून त्यांनी फोन केला नाही.

इमारतीच्या दारात गर्दी होती. प्राध्यापक पायरीवर उभे राहून लिफ्टच्या अडकण्याचा कोन समजावून सांगत होते. बोलताना ते हात गरजेपेक्षा जास्तच हलवत होते. डॉक्टरांना बघून लोक बाजूला झाले. हा आदर होता की लिफ्ट बसवणाऱ्याबद्दलचा राग होता, ते कळायला मार्ग नव्हता. ते जिन्यानेच वर गेले.

सासूबाई कोचावर पाय घेऊन बसल्या होत्या. चेहरा उतरला होता, ओठ अजून फिके होते, पण पदर नीट होता. बायको आत चहा ठेवत होती. डॉक्टर समोर उभे राहिले. पँटच्या गुडघ्यांवर साहेबांच्या टेबलाखालची धूळ तशीच होती. बरं वाटतंय का, असं त्यांनी विचारलं. सासूबाईंनी मान हलवली. मग त्यांनी सगळं विचारून घेतलं. प्राध्यापकांकडून त्यांना अर्धंच कळलं होतं. डॉक्टरांनी डबा, पत्ते, काचेचं दार, टेबलाखालचे बूट, सगळं सांगितलं. दाराबाहेर आपण किती वेळ उभे होतो, तेही सांगून टाकलं. त्यांनी ते मध्येच न तोडता ऐकलं.

"म्हणजे डबा त्या खोलीत आहे, हे तुला बाहेर कळलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग थांबलास कशाला? तेव्हाच आत शिरून का नाही ओढलास?"

डॉक्टर खुलासा करायला लागले की आत मुख्य ऑफिसचे पाहुणे होते, साहेबांनी बोटाने नको म्हणून सांगितलं होतं, आणि एखाद्याच्या केबिनमध्ये असं… बोलता बोलता त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. बायको हातात कप घेऊन तिथेच थांबली होती आणि आईकडे बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या घरात आईच्या तोंडून जावयाला 'तू' म्हटलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी वाक्य अर्धवटच टाकलं.

"भीती वाटली," ते म्हणाले. "साहेबांची."

"मला वाटलंच," सासूबाई म्हणाल्या. पाय खाली घेऊन त्यांनी कोचावर जागा केली. "भित्राच आहेस तू. बस इथे. चहा घे आधी."